सोडून जाण्याचं कारण

४ मार्च

मुंगे,

तुझा मामा सुखरूप आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायचा नाही. फोन का नाही केला असं विचारू नकोस. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, आणि पलीकडचा काय बोलतो ते त्या शिट्टीलाच ठाऊक. म्हणून आपलं लिहितो.

तर आपल्या दुकानातलं ते जोड्यांच्या मापांचं सॉफ्टवेअर. पूर्वी आमच्या पुठ्ठ्याच्या वह्या होत्या, त्यावर तू हत्ती काढून ठेवायचीस. वरचा नळ फुटून त्या भिजल्या आणि गेली अकरा वर्षं सगळ्या गिऱ्हाइकांचे पाय कॉम्प्युटरमध्ये राहायला गेले. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच आत कललेली. सरळ पायाचा माणूस आमच्याकडे येतोच कशाला! ते खातं परवा गेलं. पुसलं गेलं. कसं ते विचारू नकोस, मोठं लचांड आहे.

मी म्हटलं, गेलं तर गेलं, दुसरं काढू. दुकानाचा इमेल घातला. तर म्हणतं, या पत्त्यावर खातं आधीच आहे. बरं, आहे तर आत जातो, म्हणून भिंतीवरच्या कागदावरचा पासवर्ड घातला. तर म्हणतं, असं खातं अस्तित्वात नाही. एका खिडकीत मी आहे, शेजारच्या खिडकीत मी नाही. दोन दिवस या दोन खिडक्यांमध्ये येरझारा घालून माझं डोकं भणभणलंय. बसवत नाही, उठवत नाही.

घाई अशासाठी की आपल्याकडे एक बसवाली येते. शहराची बस चालवते. डेपोतलं लोखंडी दार उजव्या पायावर पडून तिची दोन बोटं गेली. पाच महिने आम्ही तिच्या जोड्यामागे आहोत. सत्तावीस तारखेला तिची परीक्षा: गाडी वेगात न्यायची आणि ब्रेक दाबून धरायचा, असं वीस वेळा. जमलं तर पुन्हा बस. नाही तर तिकीटघरातली खुर्ची, कायमची. ती म्हणाली, मामा, त्या खुर्चीत मी सहा महिन्यांत म्हातारी होईन.

तिच्या तीन चाचण्या झाल्या. प्रत्येक चाचणीत कुठे किती सूत जाडीची भर घातली, कुठून काढली, सगळं त्या खात्यात. आणि आपली पद्धत तुला माहीत आहे, चाचणीचा जोडा आपण मधोमध चिरतो, आतल्या दाबाच्या खुणा बघतो आणि टाकून देतो. म्हणजे हाताशी काही उरलेलं नाही. जोडा शिवायला सहा दिवस तरी हवेत.

तू तिकडे अशाच एका कंपनीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतेस. आता घरचं एक ऐक.

मामा


५ मार्च

मामा,

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं, म्हणून घाईघाईत लिहिते. ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पुसलेलं खातं या कंपन्या लगेच फेकून देत नाहीत, काही दिवस बाजूला काढून ठेवतात. तोवर आत जाता येत नाही, कारण ते बंद आहे. आणि त्याच पत्त्यावर नवीन काढता येत नाही, कारण तो पत्ता अजून त्या बंद खात्याने अडवून धरलाय. हे मी दिवसातून तीसेक लोकांना समजावते. तिसातले वीस माझ्यावर ओरडतात.

आता क्रमाने एवढं कर. एक, ब्राउझरमधला जुना साठा पुसून पुन्हा बघ. दोन, तुझ्या स्वतःच्या इमेलने नवीन खातं निघतं का बघ, पण जुन्या मापांची आशा त्यातून धरू नकोस. तीन, त्यांच्या मदत-विभागाला लिही: पुसलेलं खातं परत हवंय, हा आमचा पत्ता, ही तारीख. नम्रपणे लिही. ओरडणाऱ्यांची उत्तरं आम्ही शेवटी ठेवतो.

एक प्रश्न मात्र राहतो. ही खाती आपली आपण पुसली जात नाहीत. तीनदा विचारतात, मगच पुसतात. कुणी पुसलं? आणि बाबा काय म्हणाले? खातं त्यांनीच काढलं होतं ना?

मुंगी


८ मार्च

मुंगे,

सांगितलंस तसं सगळं केलं. साठा पुसला. त्याबरोबर बँकेचा, विजेच्या बिलाचा आणि तुझ्या आईच्या फोटोंचाही पासवर्ड पुसला गेला, ते वेगळं. माझ्या इमेलने नवीन खातं निघालं. झकास निघालं, ‘स्वागत आहे’ म्हणालं, आणि आत एकही पाय नाही. भाड्याची नवी खोली घेतली आणि सामान सगळं जुन्या खोलीत, किल्ली हरवलेली, अशी माझी गत.

मदत-विभागाला लिहिलं. इतकं नम्र लिहिलं की वाचून मलाच माझी कीव आली. उत्तर आलं: ‘आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.’ मुंगे, यांना कुणी सांगितलं मला संयम आहे? पुढे म्हणतात, खातं परत मिळेल, पण मालकाच्या मोबाईलवर सहा आकडे येतील, ते दहा मिनिटांत भरायचे. मोबाईलचे शेवटचे दोन आकडे दाखवले, एकेचाळीस. तो माझा नंबर नाही.

तुझे बाबा हल्ली दुकानात येत नाहीत. गुडघा धरलाय म्हणे. त्यांना उगाच त्रास नको म्हणून मी काही बोललो नाही. तू त्यांच्याशिवाय काही वाट काढ. तुमच्यात आतल्या गोटात कुणाला सांगून होत असेल तर बघ.

बसवाली काल येऊन गेली. जोडा कुठवर आला, विचारत होती. मी म्हटलं, होतोय. ती खुर्चीत बसून उजवा पाय उगाचच दाबत होती, जमिनीवरच ब्रेक असल्यासारखा.

मामा


११ मार्च

मामा,

आतला गोट वगैरे काही नसतो. त्या कंपनीत माझ्या ओळखीचं कुणी नाही, आणि असतं तरी त्यांनी मोडू नये असाच तो नियम आहे. एकेचाळीस म्हणजे बाबांचा नंबर. तुला तो माझ्याआधीपासून पाठ आहे.

त्यांच्या अटी मी वाचून काढल्या. पुसल्यापासून तीस दिवस. एक एप्रिलला सगळं कायमचं जाईल, मग मालक स्वतः जाऊन उभा राहिला तरी एक पाय मिळणार नाही. पण तुला तर त्याच्याही आधी हवंय. सत्तावीसमधून शिवायचे सहा दिवस वजा कर. वीसच्या पुढे गेलास तर संपलं.

काल घरी फोन केला. बाबांचा गुडघा ठणठणीत आहे. माळ्यावरून खोकी उतरवत होते. मी म्हटलं, बाबा, दुकानाच्या खात्यासाठी तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, ते मला सांगाल का, मी मामाला कळवते. तर म्हणाले, ज्यानं पुसलं त्यानं मागावे. आणि फोन आईकडे दिला. आई म्हणाली, मला या दोघांच्यात ओढू नकोस.

म्हणजे तू पुसलंस. बरं. का पुसलंस ते तू सांगशील तेव्हा सांगशील. पण बाबांना विचार. एक वाक्य आहे, मामा. बहुतेक त्यांचंच काहीतरी चुकलं असणार, त्यांना नवनव्या मशिनींची हौस आहे, तुझ्याशी नीट बोलले नसतील. तरी तूच मोठा आहेस.

मुंगी


१४ मार्च

मुंगे,

मोठा आहे म्हणूनच मागणार नाही. मोठ्यानं धाकट्या मेहुण्याच्या दारात जाऊन सहा आकड्यांसाठी पदर पसरायचा, हे कुठल्या नियमात लिहिलंय ते दाखव.

मी तिचा पाय नव्यानं मापला. सॉफ्टवेअर येण्याआधी तीस वर्षं मी नुसत्या अंगठ्यानं पाय ओळखत होतो. वरचं चामडं कापलं. ते वाया गेलं, चामडंच खराब होतं. दुसरं कापलं. तेही गेलं. हल्ली व्यापारी काहीही गळ्यात मारतात. उद्या तिसरं आणतो. तू आता या भानगडीत पडू नकोस, तुझ्या कामावर लक्ष दे.

मामा


१५ मार्च

मामा,

रागावून लिहितेय. आधी सांगते म्हणजे नंतर माफी मागायला नको.

खातं पुसलं की एक मेल येतो. त्यात कधी कधी परत जायचा दुवा असतो, बिनआकड्यांचा. तेवढा मिळाला तर बाबांना मध्ये घ्यायलाच नको, असा विचार करून मी आईला बाबांचा फोन उघडायला लावला. दुकानाची इमेलची पेटी त्यांच्या फोनवरही आहे हे तू विसरलास का? आईनं मेल जसाच्या तसा पाठवला. दुवा नव्हता. खाली मात्र ‘आपण दिलेलं कारण’ म्हणून हे होतं. तुझंच आहे, तरी पुन्हा वाच:

‘आपण आम्हाला का सोडून जात आहात?

तुमच्याबद्दल काही तक्रार नाही. तुमचं काम चोख आहे. परंतु हे खातं ज्याच्या नावावर आहे त्या माणसाला चामड्यातलं ओ की ठो कळत नाही. पंचवीस वर्षं बहिणीकडे बघून मी त्याला पदरी बाळगलं. आता दुकानात त्याचं नाव कुठेही नको, म्हणून हे खातं बंद करून लगेच माझ्या नावानं नवीन काढत आहे. तसदीबद्दल क्षमस्व.’

मामा, मी चार वर्षं या कामात आहे. ती चौकट लोक रिकामी सोडतात. फार तर ‘महाग’ एवढं लिहितात, नाही तर एक टिंब टाकून पुढे जातात. कुणी विचारलं की पूर्ण उत्तर द्यायचं, ही तुझी सवय मला आवडते. अर्ज असो, जनगणना असो, तू समासातही लिहितोस. पण हे तू यंत्राला सांगितलंस, आणि यंत्रानं ते पोचवायचं तिथे पोचवलं.

बाबांनी ते त्याच दिवशी वाचलं. तेरा दिवस झाले. घरात कुणाला दाखवलं नाही. आईला तर काल माझ्यामुळे कळलं. तिनं विचारलं, एवढं काय घडलं दुकानात? तर ते म्हणाले, काही नाही, कामाच्या पद्धतीवरून वाजलं. बास. त्यापुढे एक शब्द नाही. आई म्हणते, तेरा दिवस ते वेळेवर उठतात, दाढी करतात, चपला घालतात आणि मग दारातून परत येऊन बसतात.

मी बाबांची बाजू घेत नाही. नक्की काय झालं मला माहीतच नाही, कारण सांगत कुणीच नाही. पण ‘पदरी बाळगलं’ हे तू त्यांच्या तोंडावर म्हणाला असतास तर निदान त्यांना काही उलटून बोलता आलं असतं.

मुंगी


१७ मार्च

मुंगे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तीन वेळा माझंच लिहिलेलं वाचत होतो, आणि प्रत्येक वेळी ते आणखी लांब वाटलं. चौथ्या वेळी तुझ्या बाबांचं, दाजींचं, वाक्य नजरेला आलं. कामाच्या पद्धतीवरून वाजलं.

पद्धतीवरून काही वाजलं नाही. तुला माहीत नाही म्हणतेस, आईलाही माहीत नाही. मी इकडे धरून चाललो होतो की एव्हाना सगळ्या घराला कळलं असेल. तू ‘मामा, तुझी तब्येत कशी आहे’ असं एकदाही विचारलं नाहीस, तर मला वाटलं, कळूनही तोंडदेखलं गप्प आहेस. त्याचाही राग होता मला. तू मला धडधाकट समजूनच भांडतेयस हे आत्ता लक्षात आलं.

मग आता मलाच सांगायला हवं.

माझा उजवा हात कापतो. वर्ष झालं. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, औषध दिलंय, आणि तो थांबणार नाही हेही सांगितलंय. सकाळी बरा असतो, दुपारनंतर माझं ऐकत नाही. दाजींना कधी कळलं ते मला ठाऊक नाही. पण कापायची कामं हळूहळू माझ्या टेबलावरून त्यांच्या टेबलावर जाऊ लागली, आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करत होतो.

अठ्ठावीस फेब्रुवारीला बसवाली तिसऱ्या चाचणीला आली. जोडा तिच्या पायात होता. कड थोडी वर येत होती, ती पायातच छाटावी म्हणून मी चामडं कापायची रापी घेतली. चाळीस वर्षं मी तशीच छाटत आलोय, गिऱ्हाईक गप्पा मारत असतं. रापी सटकली. चामड्यावरून सरळ तिच्या घोट्याकडे गेली, आणि मधेच थांबली, कारण दाजींनी माझं मनगट धरलं होतं. ते कधी जवळ येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. त्यांनी माझ्या बोटांतून रापी काढून घेतली. एकेक बोट सोडवून. लहान पोराच्या हातातून काढतात तशी. आणि म्हणाले, ‘दादा, आजपासून कापायचं माझ्याकडे.’

हळूच म्हणाले. पण ती समोर होती. तिनं मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसली, ते मला जास्त लागलं.

ती गेल्यावर मी दाजींना दार दाखवलं. काय काय बोललो ते लिहीत नाही, त्या चौकटीत त्याचं सार आलंच आहे. ते तसेच निघाले. मी दोन दिवस धुमसत होतो, आणि मग खातं दिसलं, वर कोपऱ्यात त्यांचं नाव. पुढचं तुला माहीत आहे. ज्या माणसाला काही कळत नाही असं मी लिहिलं, त्याला नेमकं तेच कळलं होतं जे मला कबूल करायचं नव्हतं.

ती दोन चामडी खराब नव्हती, मुंगे. तिसरंही आज गेलं.

पंधरा दिवस दाजी माझ्या शिव्या पोटात ठेवून बसलेत. एक शब्द बोलले असते, ‘त्याचा हात गेलाय’, तर सगळं घर त्यांच्या बाजूनं झालं असतं. तूसुद्धा. तो शब्द त्यांनी काढला नाही.

उद्या जातो. काय बोलायचं ते सुचत नाही. आईला हाताचं तू सांगू नकोस, मी सांगेन.

मामा


१८ मार्च

मामा,

ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. तिथून तीनदा लोक गेले, एकानं विचारलं बरं आहे ना. मी हो म्हटलं.

तब्येत कशी आहे हे मी विचारलं नाही, कारण तू पहिल्याच ओळीत सुखरूप आहेस म्हणालास. यापुढे तुझ्या पहिल्या ओळीवर विश्वास ठेवणार नाही.

आता मी फोन केला तर बाबा आकडे मलाही सांगतील बहुधा. पण करत नाही. बाबा चारपर्यंत घरी असतात. सकाळी जा, हात बरा असतो तेव्हा. ‘खातं पुन्हा सुरू करा’ हे दुकानाच्या कॉम्प्युटरवरूनच दाबायचं आणि बाबांचा फोन शेजारी हवा. दहा मिनिटं मिळतात. तीन वेळा चुकलं तर चोवीस तास बंद, आणि तेवढे तास घालवणं तुला परवडणार नाही. सावकाश.

मुंगी


२० मार्च

मुंगे,

परवा गेलो. दार तुझ्या आईनं उघडलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजूला झाली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा. दाजी टेबलाशी बसले होते, चपला पायातच.

वाटेत मी एक लांबलचक वाक्य जुळवलं होतं. ते तोंडाशी येईना. मी म्हटलं, ‘दाजी, माझा हात कापतो हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत.’

ते म्हणाले, ‘माझा हात आहे का तो, मी सांगायला?’

स्वयंपाकघरातलं पाणी बंद झालं. तुझी आई दारात येऊन उभी होती, हात ओले. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणजे तिला मी सांगितलं असंही झालं नाही आणि सांगितलं नाही असंही नाही. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझा उजवा हात आपल्या ओल्या हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली, तो मोडलेला असल्यासारखा. मी म्हटलं, अगं, खोकी उतरवायला अजून चालतो तो. तर म्हणाली, गप्प बस.

लिहिल्याबद्दल मी माफी मागितली, नीट, शब्दांत मागितली. दाजी म्हणाले, स्पेलिंगच्या चुका नव्हत्या हे विशेष. एवढंच. पण सगळं झालं असं समजू नकोस. दुकानापर्यंत चालताना ते माझ्या दोन पावलं पुढे होते आणि एकदाही मागे वळले नाहीत. ‘पदरी बाळगलं’ हे सहज जाणारं नाही. जाऊही नये.

दुकानात बटण दाबलं. त्यांच्या फोनवर आकडे आले. मी टाकायला बसलो. सहा चौकटी, चिमुकल्या, आणि माझं बोट एकावर ठेवलं की शेजारच्यावर पडे. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. दाजी फोन माझ्यासमोर धरून उभे. मला वाटलं आता कीबोर्ड ओढतील. नाही ओढला. त्यांच्या कपाळावर घाम होता, घड्याळाकडे बघत होते, पण हात लावला नाही. पंधरवड्यापूर्वीचा माणूस असतो तर मी तिसऱ्यांदाही स्वतःच टाकले असते, आणि बसवालीला खुर्चीत बसवून मोकळा झालो असतो.

मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. म्हटलं, तुम्ही टाका.

खातं उघडलं. सगळे पाय जागच्या जागी. बसवालीच्या पानावर तिन्ही चाचण्या, आणि शेवटी अठ्ठावीस फेब्रुवारीची नोंद, मी दार दाखवल्यावर दाजींनी घरी जाऊन फोनवरून केलेली: ‘कड वर येते, दीड सूत कमी. दादांचं बरोबर होतं.’

ही नोंद असताना मी ते खातं पुसलं, मुंगे. वाचलं असतं तर पुसलं नसतं. पण मी थेट कोपऱ्यातलं नाव बघितलं.

आज चामडं बघायचं काम माझं, खुणा सांगायचं काम माझं, कापायचं त्यांचं. ते कापताना मी दुसऱ्या खोलीत जाऊन उभा राहिलो. बघवलं नाही. पण चौथं चामडं वाया गेलं नाही. आता सात दिवस आहेत. दोरा वळून ठेवलाय.

मामा


२७ मार्च

मामा,

पाच वाजून गेले. परीक्षा दुपारी होती ना? बाबांचा फोन वाजतोय, कुणी घेत नाही. आई म्हणते दोघंही सकाळपासून डेपोच्या फाटकाशी उभे आहेत, जेवायलाही आले नाहीत. आज माझ्याकडून तीन लोकांना चुकीची उत्तरं गेली. एक ओळ तरी टाक.

मुंगी


२८ मार्च

मुंगे,

काल एक ओळही टाकायला झाली नाही, माफ कर. आम्हाला आत सोडलं नाही. फाटकाच्या जाळीतून बसचा नुसता मागचा भाग दिसत होता. ती पुढे जायची, करकचून थांबायची, पुन्हा पुढे. दाजी मोजत होते. मी डोळे मिटून घेत होतो, इतक्या लांबचा आवाज तर मला येतच नाही, म्हणून प्रत्येक वेळी त्यांनी माझ्या खांद्यावर एक बोट टेकायचं असं ठरलं होतं. बाराव्या खेपेला गाडी बराच वेळ उभी राहिली. तेव्हा दाजींचं बोट खांद्यावर तसंच राहिलं, उचलेनात. मग तेरा. एकोणिसाव्याला ती जरा उशिरा थांबली. विसावा बरोबर.

नंतर दोन तास कागदपत्रं. ती बाहेर आली ती लंगडत. मला बघून बोलायला लागली, मग आठवलं असेल त्या गोंगाटात मला ऐकू येत नाही, तर तिनं परीक्षेच्याच कागदाच्या मागे लिहून दिलं. तो कागद समोर आहे, जसाच्या तसा उतरवतो:

‘पास. शेवटी करंगळीच्या बाजूला फार लागलं. सोमवारी सहाची पहिली फेरी मला दिलीये. त्याआधी येते, सैल करून द्या.’

म्हणजे सोमवारी पाचला दुकान उघडायचं. दाजी काल तिथेच फाटकाशी म्हणाले, अर्धा सूत सैल करावं लागेल. मी म्हटलं, पाव. अर्धा केला तर ब्रेकवर पाय आत फिरेल. ते म्हणाले, फिरणार नाही, मी कापलंय. मी म्हटलं, तुम्ही कापलंय, पण खूण मी दिली होती. घरी पोचेपर्यंत हेच चाललं होतं, आणि तुझी आई ताटं वाढून आम्हा दोघांकडे बघत राहिली. खात्यात त्यांनी अर्धा लिहिलंय. त्याखाली मी पाव लिहायला सांगितलं, तेही त्यांनीच लिहिलं, तोंड वाकडं करून.

सोमवारी पाय सांगेल.

मामा